पावसाचे पट्टे आणि झाडीपट्टी : केशोरीवरून ‘नैसर्गिक वनस्पती’ वाचताना

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

 

आज आपण एका गावापासून सुरुवात करू या. गाव केशोरी. गोंदिया जिल्हा, तालुका अर्जुनी मोरगाव. जिल्ह्याच्या नकाशात अगदी खाली, दक्षिणेकडच्या कोपऱ्यात पाहा. इथून गडचिरोलीची हद्द जवळ, छत्तीसगडही फार लांब नाही. एका बाजूला गाढवी नदीवरचं इटियाडोह धरण, थोडं वर नवेगावबांध. बाजारात केशोरीचं नाव निघतं ते मिरचीमुळे. आम्हाला मात्र आज मिरचीबद्दल बोलायचं नाही. गावाभोवतीच्या रानाला आपण काय म्हणतो, याबद्दल बोलायचं आहे.

गंमत अशी की या एकाच रानाला निदान चार अधिकृत नावं आहेत आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत.

पहिलं नाव शाळेतलं. एनसीईआरटीच्या नववीच्या भूगोलात अनेक वर्षं ‘नैसर्गिक वनस्पती’ हा धडा शिकवला गेला. त्यात पानझडी वनांचे दोन भाग केले आहेत. १०० ते २०० सेंटिमीटर पाऊस असेल तर आर्द्र पानझडी, ७० ते १०० सेंटिमीटर असेल तर शुष्क पानझडी. गोंदिया जिल्ह्यात वर्षाला साधारण १२०० ते १४०० मिलिमीटर, म्हणजे १२० ते १४० सेंटिमीटर पाऊस पडतो. हिशोब सोपा आहे. केशोरीचं रान आर्द्र पानझडी. मुलानं पेपरात असंच लिहावं, पूर्ण मार्क मिळतील.

दुसरं नाव वनखात्यातलं. नवेगाव-नागझिऱ्याच्या रानांना वनखात्याच्या कागदांवर मुख्यतः ‘५ए/सी३’ असा संकेत असतो. त्याचा अर्थ दक्षिणी उष्णकटिबंधीय शुष्क मिश्र पानझडी वन. शाळा म्हणते आर्द्र, वनखातं म्हणतं शुष्क. दोघांसमोर झाडं तीच आहेत : ऐन, धावडा, बीजा, साग, तेंदू, मोह, सालई आणि खाली बांबू.

तिसरं नाव जगाच्या हवामान-नकाशावरचं. कोपेनच्या पद्धतीत हा भाग ‘एडब्ल्यू’ गटात येतो, म्हणजे उष्णकटिबंधीय सॅव्हाना. सॅव्हाना म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आफ्रिका, जिराफ वगैरे येतं. केशोरीच्या माणसाला सांगून पाहा की तू सॅव्हानात राहतोस.

चौथं नाव तलाठ्याच्या दप्तरातलं : झुडपी जंगल. हे सगळ्या रानाला लागू नाही, काही तुकड्यांनाच आहे. पण सगळ्यांत जास्त भांडणं याच नावावरून झाली आहेत. त्याकडे शेवटी येऊ.

पाचवंही एक नाव आहे, ते कुठल्याच खात्याचं नाही. लोक या सगळ्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. इथली बोली ती झाडीबोली, दिवाळीनंतर मंडईत रात्रभर रंगतं ते झाडीपट्टीचं नाटक. एका प्रदेशानं, त्याच्या भाषेनं आणि त्याच्या रंगभूमीनं झाडांवरून नाव घ्यावं, अशी उदाहरणं महाराष्ट्रात फार नाहीत. प्रादेशिक वर्गीकरण म्हणतात ते हेच ना? आम्हाला वाटतं, भूगोलाच्या मास्तरांनी याच नावापासून धडा सुरू करायला हवा होता.

तर आजचा प्रश्न असा. या नावांमध्ये हवामानाचा वाटा किती? आणि हवामान बदलतं आहे म्हणताना, या नावांमधून तो बदल आपल्याला दिसणार आहे का?

आधी कोपेन घेऊ. व्लादिमीर कोपेन हा जन्मानं पीटर्सबर्गचा, कामानं जर्मन. शिक्षण वनस्पतींच्या अंगानं झालेलं, नंतर हवामानशास्त्रात आला. त्याच्या वर्गीकरणाची मुख्य मांडणी १९०० सालची. आता ही गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पाठ्यपुस्तकं ती सांगत नाहीत. कोपेननं हवामानाचे गट कशावरून पाडले? वनस्पतींवरून. फ्रेंच-स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ आल्फोन्स द कांदोल यानं १८७४ मध्ये वनस्पतींचे उष्णता-ओलाव्यानुसार गट केले होते. कोपेननं ते गट घेतले आणि त्यांच्या सीमांना जुळतील असे तापमानाचे, पावसाचे आकडे शोधले. जिथं अमुक प्रकारची झाडं संपतात तिथं कुठला आकडा येतो, ते पाहिलं आणि रेघ मारली.

पुढं काय झालं? ती रेघ राहिली आणि ती कशावरून मारली ते विसरलं गेलं. आता आपण मुलांना सांगतो की इथं सॅव्हाना हवामान आहे, म्हणून इथं सॅव्हानाची वनस्पती आहे. म्हणजे वनस्पतींवरून हवामान ठरवलं आणि त्याच हवामानावरून वनस्पतींचं कारण दिलं. गावात म्हणतात तसं, मामाच्या चिठ्ठीवर भाच्याचा अंगठा. कोपेनचा यात दोष नाही. त्याला जगाच्या नकाशाची एक भाषा हवी होती, ती त्यानं दिली, आणि ती सव्वाशे वर्षं टिकली. दोष ती भाषा कारण म्हणून वापरणाऱ्यांचा.

ही भाषा बदलाच्या बाबतीत किती बहिरी आहे, ते एका साध्या गणितानं कळतं. ‘एडब्ल्यू’ गटातून बाहेर पडायचे दोन मुख्य रस्ते आहेत. पाऊस इतका कमी व्हायचा की प्रदेश अर्ध-शुष्क गटात जाईल. मुख्य पाऊस उन्हाळी अर्ध्या वर्षात पडत असेल, तर ही मर्यादा वार्षिक सरासरी तापमानाच्या वीसपट अधिक २८० मिलिमीटर अशी काढतात. सरासरी २६-२७ अंश धरली तर ती सुमारे ८०० मिलिमीटर येते. दुसरा रस्ता वरचा. पाऊस इतका वाढायचा की कोरडा महिनाही भरून निघेल आणि प्रदेश मोसमी-वर्षावन गटात जाईल. आपल्या डिसेंबरात जेमतेम काही मिलिमीटर पडतात. त्या हिशोबानं वर्षाचा पाऊस दोन हजारांपर्यंत गेला तरी गट बदलत नाही.

म्हणजे केशोरीत ८०० मिलिमीटर पाऊस पडो की २०००, नकाशावर अक्षरं तीच राहतात. मधल्या बाराशे मिलिमीटरमध्ये धानाची किती बांधी करपली असती आणि किती वाहून गेली असती, याचा विचार करा. ज्या चाळणीची भोकं एवढी मोठी, तिच्यात बदल अडकणार कसा?

आता चॅम्पियन आणि सेठ. हे पुस्तक आम्हाला कोपेनपेक्षा जास्त आवडतं, म्हणून त्यावर टीकाही जास्त करणार आहोत.

हॅरी जॉर्ज चॅम्पियन हा डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत काम केलेला वनाधिकारी. त्याचा भारत आणि ब्रह्मदेशातल्या वनप्रकारांचा पहिला आढावा १९३६ मध्ये आला. पुढं एस. के. सेठ यांच्याबरोबर सुधारलेली आवृत्ती १९६८ मध्ये आली. त्यात देशातली वनं १६ मोठ्या गटांत बसवली आहेत आणि प्रत्येक गटाच्या पोटात कितीतरी प्रकार आहेत. आजही भारतीय वन सर्वेक्षणाचे नकाशे याच चौकटीवर काढले जातात. कुठलीही कार्ययोजना उघडा, पहिल्या पानांत हे संकेत असतातच. पन्नास-साठ वर्षं एखादं पुस्तक रोजच्या सरकारी कामात वापरलं जाणं, ही साधी गोष्ट नाही.

यातले संकेत नीट वाचण्यासारखे आहेत. ‘५’ म्हणजे उष्णकटिबंधीय शुष्क पानझडी. देशात सर्वांत मोठं क्षेत्र याच गटाचं. ‘ए’ म्हणजे दक्षिणी, ‘बी’ म्हणजे उत्तरी. पुढचं ‘सी’ महत्त्वाचं. ते अक्षर हवामानानं ठरवलेल्या शेवटच्या अवस्थेसाठी आहे. त्यामागची कल्पना अशी, की रानाला मोकळं सोडलं तर ते हळूहळू वाढत, बदलत एका ठरलेल्या रूपाशी येऊन थांबतं, आणि ते रूप हवामान ठरवतं. अमेरिकन शास्त्रज्ञ फ्रेडरिक क्लेमेंट्स यानं १९१६ मध्ये ही कल्पना जोरात मांडली होती.

मग जे रान त्या रूपाशी आलेलं नाही त्याचं काय? त्यासाठी दुसरी अक्षरं. जमिनीमुळे वेगळं झालं असेल तर ‘ई’. पळसाच्या रानाला असा संकेत आहे, कोरड्या बांबूच्या बेटांनाही आहे. आणि माणूस, गुरं, आग यांच्यामुळे झालं असेल तर ‘डीएस’, म्हणजे ऱ्हासाची अवस्था. झुडपी रान, झाडं विरळ असलेलं सॅव्हाना रान, कोरडं गवताळ रान, हे सगळं या ‘डीएस’मध्ये.

इथं थांबू. या अक्षरांमध्ये एक गोष्ट सांगितलेली आहे. हवामान हा लेखक, जमीन ही त्याची अडचण आणि माणूस ही चूक. पावसानं लिहिलं ते मूळ, कुऱ्हाडीनं आणि आगीनं लिहिलं ते खोडसाळ.

चॅम्पियन-सेठ यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून लगेच सांगतो. पुस्तकाचा मजकूर या संकेतांपेक्षा खूप प्रामाणिक आहे. आग, चराई, तोड यांबद्दल ते वारंवार बोलतात, कुठलं रान कशातून आलं असावं याची शंका मोकळेपणानं नोंदवतात. पण वाचलं काय जातं? मजकूर नाही, संकेत. कार्ययोजनेत, अहवालात, आता संगणकावरच्या नकाशात फक्त ‘५ए/सी३’ पोचतं. शंका पुस्तकात राहते आणि खात्री नकाशावर जाते.

केशोरीच्या रानात ही खात्री तपासून पाहू.

पाऊस १२०-१४० सेंटिमीटर असूनही वनखातं या रानाला शुष्क का म्हणतं? एक कारण हवामानातच आहे, पण ते वार्षिक आकड्यात दिसत नाही. इथला जवळजवळ सगळा पाऊस जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत पडून जातो. मग आठ महिने कोरडे. मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो. झाडाला वर्षाची बेरीज कळत नाही, त्याला कळते ती ओलावा संपल्यानंतरची वाट पाहणं. शाळेच्या धड्यात बेरीज आहे आणि वाट पाहणं नाही, म्हणून शाळा चुकली.

दुसरं कारण जमीन. पश्चिम विदर्भ बसाल्टच्या काळ्या मातीचा. आपला पूर्व भाग जुन्या ग्रॅनाइट-नाइससारख्या खडकांचा. इथला शेतकरी मातीला कन्हार, मोरंड, सिहार, बरडी अशी नावं देतो. कन्हार भारी, पाणी धरणारी. बरडी हलकी, मुरमाड, पाणी न थांबणारी. पाऊस दोन्हींवर सारखाच पडतो. पण बरडीवर आणि कन्हारीवर उभं राहणारं झाड सारखं नसतं. हा मुद्दा जुना आहे. फोर्सिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याचं मध्य भारतातल्या डोंगराळ मुलखावरचं पुस्तक १८७१ मध्ये आलं. सालाचा मुख्य पट्टा पूर्वेला असताना पचमढीजवळ देनवा नदीच्या खोऱ्यात सालाचं एक एकटं रान कसं, हा प्रश्न त्याला पडला होता, आणि साल-सागाच्या सीमेचं कारण तो खडकात आणि जमिनीत शोधत होता. दीडशे वर्षांनी आपण धड्यात पुन्हा पावसाचे पट्टेच काढतो.

तिसरं कारण आग आणि हात. तेंदूचं घ्या. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम. घरातली सगळी माणसं पहाटे रानात, दुपारी पुडे बांधायचे, ७० पानांचा एक पुडा, संध्याकाळी फळीवर मोजून द्यायचे. या काही दिवसांवर कितीतरी घरांचा पावसाळ्याआधीचा खर्च चालतो. पण चांगलं पान कुठं येतं? उंच वाढलेल्या तेंदूच्या झाडावर नाही. छाटलेल्या किंवा आग लागून गेलेल्या झुडपाला जे नवं धुमारं फुटतं, त्यावर. म्हणून छाटणी करतात, म्हणून काही ठिकाणी आगही लावतात. वर्षानुवर्षं असं केल्यावर रानात तेंदूची झुडपं जास्त दिसतात. ते रान मग हवामानानं घडवलं का?

मोहाचं उलटं. मोह माणसानं राखलेलं झाड आहे. शेत काढताना बाकीची झाडं गेली, मोह ठेवला. मार्च-एप्रिलमध्ये फुलं गळतात, त्याआधी झाडाखालचा पाला साफ करतात. बऱ्याचदा जाळतात, कारण जमीन स्वच्छ असली की फूल पटकन दिसतं. त्यातली एखादी आग पुढं रानात जाते. वनखातं त्याला वणवा म्हणतं, आणि ते बरोबरही आहे. पण शतकानुशतकं आग सोसून टिकणारी जाड सालीची झाडं इथं का आहेत, याचं उत्तरही त्याच पाल्यात आहे.

चौथी गोष्ट पाणी. अर्जुनी मोरगावच्या परिसरात कुठूनही चाला, तलाव लागतो. भंडारा-गोंदियात असे मालगुजारी तलाव आणि बोड्या हजारोंच्या संख्येनं आहेत. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला असं परंपरा सांगते. कोहळी समाजाचं हे कौशल्यच. तलावामुळे खालची जमीन आठ महिने पूर्ण कोरडी राहत नाही. बांधावर अर्जुन उभा राहतो, पाळीवर आंबा. तलावात कमळ, शिंगाडा आणि पाण्याखालच्या कितीतरी वनस्पती. मारुती चितमपल्लींनी ‘नवेगावबांधचे दिवस’ लिहिलं ते याच पाण्याच्या काठचं. आता सांगा, ‘५ए/सी३’ या अक्षरांत तलाव कुठं आहे? ‘नैसर्गिक वनस्पती’ म्हटल्यावर तो सुटतोच, कारण तो माणसानं बांधला. पण महाराष्ट्रात सारस टिकून आहे तो मुख्यतः याच जिल्ह्यात, आणि तो तलावाच्या आणि धानाच्या बांधीच्या जोरावर टिकला आहे. सारसाला ‘नैसर्गिक’ या शब्दाची व्याख्या कुणी शिकवलेली नाही.

एक बाजूची गोष्ट. या तलावांत बेशरमीची झाडी माजली तेव्हा ढीवर समाजाच्या बायकांनी ती उपटून काढली आणि देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या, कारण मासा अंडी घालतो तो त्या वनस्पतींच्या आधारानं. कुठली वनस्पती कुठल्या माशाची, हे त्यांना माहीत होतं. वनस्पतींचं याहून नेमकं वर्गीकरण आम्ही फारसं पाहिलेलं नाही.

आता हवामानाच्या कलांकडे वळू. काही आकडे पक्के आहेत. पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशानं वाढलं. १९५१ ते २०१५ या काळात नैर्ऋत्य मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांचा २०१७ चा अभ्यास सांगतो की १९५० पासून मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर पडणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. म्हणजे एकूण पाऊस थोडा कमी, पण पडतो तेव्हा एकदम. मधले खंड जास्त बोचणारे.

हे सगळं आपल्यापर्यंत पोचताना पुन्हा एक वर्गीकरण आडवं येतं. हवामान विभागाचे देशात ३६ उपविभाग आहेत, त्यात अख्खा विदर्भ एक. बुलढाण्याकडचा सातशेच्या आसपासचा पाऊस आणि गोंदियाचा बाराशेच्या पुढचा पाऊस एकत्र घालून ‘विदर्भात सरासरीइतका पाऊस’ अशी बातमी येते. विदर्भाची मोसमी सरासरी सुमारे ९४० मिलिमीटर. तेवढा पाऊस केशोरीत पडला तर रोवणी अडेल, बुलढाण्यात पडला तर सोयाबीन सडेल. सरासरी मात्र बरोबर!

मग भविष्यातल्या रानांचं काय? बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले रवींद्रनाथ आणि सहकारी यांचा २००६ चा अभ्यास गाजला. २०८५ च्या सुमाराचं हवामान धरून देशाच्या वनक्षेत्राच्या चौकटी तपासल्या, तर एका शक्यतेत ७७ टक्के आणि दुसऱ्या शक्यतेत ६८ टक्के चौकटींमध्ये वनप्रकार बदलेल असं निघालं. वर्तमानपत्रांना मथळा मिळाला. काही वर्षांतच दुसरं मॉडेल वापरल्यावर हे प्रमाण निम्म्याच्या खाली आलं. यावरून ‘शास्त्रज्ञांना काही कळत नाही’ असं म्हणणारे भेटतात. आम्ही तसं म्हणणार नाही. आकडा बदलला, ते काम प्रामाणिकपणे चालू असल्याची खूण आहे.

आमची तक्रार वेगळी आहे. त्या अभ्यासात एक अट स्पष्ट लिहिलेली होती, की हा बदल माणसाचा हस्तक्षेप नसेल तर. मॉडेलला असंच गृहीत धरावं लागतं, त्यात लपवाछपवी नाही. पण आपण केशोरीत पाहिलं की माणूस वगळला तर तेंदू वेगळा, मोह वेगळा, तलाव नाहीच. म्हणजे मॉडेल ज्या रानाचं भविष्य सांगतं ते रान इथं आज नाही. चॅम्पियनच्या ‘सी’ अक्षराचा तोच पुतळा संगणकात उभा केला आहे आणि त्याला २०८५ चे कपडे घातले आहेत.

बदल मग दिसतो कुठं? आमचं म्हणणं असं, की या मुलखात हवामानाचा बदल सीमारेषा सरकण्याआधी वेळेत दिसतो. एप्रिलच्या अखेरीला किंवा मे महिन्यात अवकाळी पाऊस-गारपीट झाली तर तेंदूचं पान फाटतं, डागाळतं, वाळायला घातलेले पुडे भिजतात. रान तेच, संकेत तोच, वर्षाच्या पावसाच्या बेरजेत दहा-वीस मिलिमीटरची भर, आणि घरातली कमाई गेली. मोहाच्या दिवसांत आभाळ आलं, पाऊस झाला, तर फूल काळं पडतं. अंगणात वाळत घातलेल्या मिरचीचंही तेच. पावसाळ्यात मोठा खंड पडला की पऱ्हे वाळतात. गेल्या पन्नास वर्षांत वनप्रकाराच्या नकाशावर केशोरीचा रंग बदललेला नाही. पण म्हाताऱ्या माणसांना मोह कधी फुलायचा, पहिला पाऊस कधी यायचा, कुठल्या बोडीत होळीपर्यंत पाणी राहायचं, हे विचारा. त्यांच्या उत्तरांत नकाशापेक्षा जास्त हवामानशास्त्र आहे. त्यात आठवणीची गफलतही आहे, मान्य. तिचा मेळ घालायला वर्षावर्षाच्या नोंदी लागतात, आणि वर्गीकरणात ‘कधी’ या शब्दाला रकानाच नाही. ‘काय’ आणि ‘कुठं’ एवढंच आहे.

आता झुडपी जंगल. मघाशी बाजूला ठेवलेलं चौथं नाव.

मध्य प्रांत-वऱ्हाडाच्या काळात महसुली नोंदींत गावाच्या कामाची, विशेषतः गुरं चारण्याची जी झुडुपांची जमीन होती तिला हे नाव पडलं. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा हा मुलूख आणि त्याच्या नोंदी इकडे आल्या. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत अशी ८६,४०९ हेक्टर जमीन होती. ती वन आहे की नाही? १९८० चा वन संवर्धन कायदा आला, मग १२ डिसेंबर १९९६ ला गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं वनाची व्याख्या व्यापक केली, आणि भांडण वाढत गेलं. या जमिनींवर तोवर घरं, शाळा, दवाखाने, स्मशानं झाली होती. अखेर २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला : झुडपी जंगल हे वन मानलं जाईल. १९९६ च्या आधीच्या वाटपांना नियमित करण्याची वाट ठेवली. तीन हेक्टरांपेक्षा लहान, विखुरलेले तुकडे संरक्षित वन म्हणून जाहीर करायला सांगितले. आणि भरपाई वनीकरणासाठी ही जमीन सहजासहजी वापरता येणार नाही, वनेतर जमीन नसल्याचं मुख्य सचिवांनी प्रमाणित करावं लागेल, असंही बजावलं.

निकालाचं आम्ही स्वागत करतो. पण वर्गीकरण वाचणाऱ्यांनी पुढचा पेच ओळखायला हवा. एकीकडे जयश्री रत्नम, महेश शंकरन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलं की भारतातली पुष्कळशी पानझडी ‘वनं’ पर्यावरणाच्या दृष्टीनं सॅव्हाना आहेत. खाली गवत, वर विरळ झाडं, आग आणि चराई यांच्यासह घडलेली. त्याच वर्षी कार्ला स्टेव्हर आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या नोंदींवरून दाखवलं की साधारण १००० ते २५०० मिलिमीटर पावसाच्या, मध्यम ऋतुभेदाच्या प्रदेशात एकाच हवामानात वनही असू शकतं आणि सॅव्हानाही. कुठलं, हे बरंचसं आग ठरवते. म्हणजे कोपेनचं ते न पटणारं नाव अगदीच चुकीचं नव्हतं. झुडपी जंगल हे मोठ्या रानाचं मोडलेलं रूप असेलच असं नाही. काही ठिकाणी ते असंच होतं, गवताचं.

दुसरीकडे कायदा. आपल्या कायद्यात संरक्षण मिळतं ते ‘वन’ या शब्दाला. गवताळ, माळ, पडीक म्हटलं की जमीन रिकामी समजली जाते, आणि रिकाम्या जमिनीला गिऱ्हाईक लगेच मिळतं. तेव्हा शास्त्राच्या हट्टापायी ‘हे वन नव्हे’ असं कोर्टात म्हणणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. उलट ‘वन’ म्हटलं की वनखात्याच्या मनात ‘सी’ अक्षर येतं आणि खड्डे खणून रोपं लावायची योजना येते. मग गवत जातं, गुरांचा चारा जातो, झुडपांतले ससे-तित्तिर जातात, आणि रोपं पुढच्या उन्हाळ्यात करपतात. दोन्हीकडून अडचण.

आम्ही या बाबतीत एक बाजू घेतो. कागदावर त्याला वन म्हणावं आणि जमिनीवर गवताळ रान म्हणून राखावं. हे विसंगत वाटेल. पण एका रानाला चार नावं आपण आधीच सहन करतो आहोत, मग ही पाचवी विसंगती निदान जाणून-बुजून केलेली असेल.

आणि हे कोण करणार? वनहक्क कायद्यानं, २००६ च्या, सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांना आपल्या रानाचा व्यवस्थापन आराखडा लिहायचा असतो. गोंदिया-गडचिरोलीत अशा ग्रामसभा बऱ्याच आहेत, काही तेंदूपत्त्याचा लिलावही स्वतः करतात. आराखडा लिहायला मदत करणारी माणसं बाहेरून येतात आणि पहिल्या पानावर ‘५ए/सी३’ लिहून मोकळी होतात. लिहू द्या, त्यानं बिघडत नाही. त्याच्या खाली मात्र गावानं आपल्या रानाचे तुकडे आपल्या नावांनी मांडावेत. बरडीवरचं तेंदूचं रान, तलावाखालचं रान, गुरांचं गवत, मोहाची राखलेली झाडं, बांबूची बेटं. आणि प्रत्येकापुढं दरवर्षी तारीख टाकावी. मोहाचं पहिलं फूल कधी पडलं, तेंदूचं पान तोडण्याजोगं कधी झालं, गारा कधी पडल्या, आग कधी आणि कुठून आली, बोडीतलं पाणी कधी आटलं.

या कामाला वही लागते आणि ती भरणारं माणूस लागतं. शाळेतली नववीची मुलं हे करू शकतात, धड्यात आर्द्र लिहा की शुष्क, तो वाद मास्तरांनी नंतर मिटवावा. या मार्चपासूनच सुरू करता येईल, मोह तोवर फुलायला लागलेला असेल.

प्रश्न असतील तर घेऊ. ऑनलाइन असलेल्यांनी लिहून पाठवा.